वळसा

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीच्या कठड्याला
शेजारच्या थ्वानने दोन काळ्या पाट्या बांधल्या
तेव्हा हान्द्रि आतच बसून राहिला, पाठ करून.
एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत
पट्टा चालवला त्याने.

"यात फिरतं काय?" त्याने आतूनच विचारलं.
काही नाही.
"जळतं काय?"
काही नाही.
"मग आवाज?"
थ्वानने स्क्रू पिळत मान हलवली.
"मग ती वीज नव्हे," हान्द्रि म्हणाला
आणि रेडिओ मोठा केला.

थ्वान हायफाँगहून आला होता, कापडगिरणीत, करारावर.
करार करणारा देशच पुढे बुडाला,
थ्वान राहिला.
त्याने माझा बटणांचा डबा मागितला
आणि अंड्यांचा रिकामा ट्रे.

ही वाळूतलीच वस्तू, म्हणाला, सिलिकॉन.
या थरात बटणं थोडी जास्तीची,
त्या थरात थोडी कमी.
दोन्ही जिथे भिडतात तिथे एक उतार तयार होतो,
डोळ्यांना न दिसणारा.
ऊन येतं, बटणाला टिचकी मारतं.
बटण उडतं. जागेवर खळगा उरतो.
बटण घरंगळतं इकडे, खळगा सरकतो तिकडे,
आणि मग बटणाला परतायचं असतं.
पण उतार उलटा चढता येत नाही, फ्राउ हान्का.
म्हणून ही तार.
तारेतून, फ्रिजमधून, तुमच्या किटलीतून
लांबचा वळसा घेऊन
ते पोचतं खळग्यापाशी.

त्याच खळग्यापाशी?

थ्वान हसला.
तोच कशाला, कुठलाही.
बटणाला चालतं.

मी बटणं गोळा केली.
एक निळं कपाटाखाली गेलं, ते राहू दिलं.

व्होल्शिना आमचं गाव. नकाशात आता तिथे
तळं आहे, शिडाच्या होड्या आहेत,
आइस्क्रीमची गाडी आहे.
ज्या रात्री यंत्र आमच्या अंगणापर्यंत आलं
त्या रात्री पाळी हान्द्रिची होती.
पट्ट्यावरून माती जात होती, नेहमीसारखी माती,
त्यात बशीचा तुकडा दिसला, कडेला कोंबड्याचं चित्र.
हे त्याने मला सांगितलं
अकरा वर्षांनी. आणि आमच्या बोलीत,
जर्मनमध्ये नव्हे.

एप्रिलमध्ये एकदा दुपारी आकडा अर्ध्यावर घसरला.
आभाळ तर लख्ख.
वरच्या फ्राउ झाइडलरची पलंगपोस लोंबत होती,
तिची सावली पाटीच्या एका कोपऱ्यावर.
एवढ्याशा सावलीने सगळी ओळ अडते,
थ्वान समजावू लागला, कारण सगळ्या चौकटी
एकामागे एक...
"रूळ अडकला की पट्टा अडकतो,"
हान्द्रि म्हणाला, रेडिओ बंद करून.
सपाता घालून वर गेला.
काय बोलला कोण जाणे,
पलंगपोस आता उत्तरेकडे वाळते.

त्या पाटीखाली एक करडी डबी आहे.
उन्हातून आलेली वीज एकाच दिशेने चालते, सरळसोट,
डबी तिला घराच्या चालीवर आणते,
सेकंदाला पन्नास हेलकावे.
परवा तो वाकून त्या डबीला
कान लावून उभा होता.
बराच वेळ.
"गुणगुणते," म्हणाला.
मी म्हटलं, मग?
तो काही बोलला नाही.

हल्ली कॉफी चारला नसते, एकला असते,
ऊन कठड्यावर सरळ येतं तेव्हा.
कुणी ठरवलं नाही असं.
किटली तोच लावतो, आकडा बघून.
आणि रात्री, दार लावण्याआधी,
पाटीवर तळहात ठेवतो क्षणभर,
अजून कोमट आहे का पाहायला.